नदीपलीकडचे बोलावणे

नदीच्या अलीकडच्या काठावर करंजाचे एक रान होते आणि त्या रानात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, साळिंदर म्हणजे अंगभर काटे. पण या साळिंदराचे सारे आयुष्य गेले ते मात्र चेंडूपायी. रानाच्या मधोमध एक सपाट माळ होता. रोज सकाळी तिथे ससे, भेकरे, वानरे अशी तरणी पोरे जमत आणि वेली घट्ट गुंडाळून केलेला चेंडू पायांनी ढकलत, उडवत, समोरच्या दोन झाडांमधून पार नेत. साळिंदर कडेला उभे राहून त्यांना शिकवी. स्वतः ते कधी चेंडूला शिवत नसे. शिवले की काटे रुतून वेली तुटत.

लहानपणी याच काट्यांमुळे बाकीची पिल्ले त्याला माळावरून हुसकावून लावीत. तेव्हा तिथे पाणमांजर गुरुजी शिकवीत असत. एकदा साळिंदराने हौसेने चेंडू अडवला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. सगळे त्याच्यावर ओरडले. गुरुजींनी त्याला बाजूला घेतले आणि म्हणाले, "तुला खेळता येणार नाही, हे खरं. पण तू बघ. नीट बघणारा मला अजून कोणी भेटलेला नाही."

त्या दिवसापासून साळिंदर गुरुजींच्या शेजारी बसू लागले. चेंडू येण्याआधीच कोण बावरतो, कोण एकटाच पुढे धावत सुटतो, कोणाची नजर स्वतःच्या पायांवर असते आणि कोणाची सोबत्यांवर, हे सारे गुरुजींनी त्याला बघायला शिकवले. खेळून दमले की सगळे नदीवर जात. गुरुजी पाण्यात सूर मारत आणि पोरांसाठी तळातून कमळाचे कंद उपटून आणत. पुढे म्हातारपणीसुद्धा त्या चिखलाच्या वासाच्या, गार कंदांची आठवण झाली की साळिंदर बोलता बोलता थांबे.

आणि एका सकाळी गुरुजी माळावर आलेच नाहीत. मोठा सामना तोंडावर आला होता. पोरे वाट पाहत बसली. कोणी म्हणाले, पाय मुरगळला असेल. कोणी म्हणाले, रात्री मासे जास्त झाले असतील. झाडांमधली वाट राखणारे कासव सगळ्यांना धीर देत होते की गुरुजी येतीलच, न येऊन कसे चालेल. ऊन डोक्यावर आले तेव्हा एका टिटवीने खरे काय ते सांगितले. पलीकडच्या सागाच्या रानाने गुरुजींना बोलावून घेतले होते आणि पहाटेच ते नदी पार करून गेले होते.

सामना त्याच सागाच्या रानाशी होता. गुरुजी समोरच्या बाजूला उभे होते. त्यांनी एकदाही या पोरांकडे मान वळवली नाही. करंजाचे रान सपाटून हरले. कासवाने त्या दिवसापासून खेळणे सोडले. माळावर शिकवायला कोणीच उरले नाही, म्हणून नीट बघायला शिकलेले साळिंदर पुढे झाले आणि पुढेच राहिले.

वर्षे गेली. साळिंदराचा संघ नावारूपाला आला. मग एके दुपारी सागाच्या रानातून एक बगळा उडत आला. आमच्याकडे शिकवायला या, असा तिथल्या मुखिया गव्याचा निरोप त्याने अदबीने सांगितला. हिरवेगार मोठे मैदान, पावसात न गळणारी गुहा, पोटभर कंदमुळे आणि शिकवायला धिप्पाड, चपळ पोरे. नदीकाठी उभे राहून ते मैदान साळिंदराने किती वेळा डोळे भरून पाहिले होते. अशी जागा आपल्याला मिळाली तर काय करून दाखवू, हे त्याने कितीदा मनात मांडले होते.

"मग तिथले गुरुजी?" त्याने विचारले.

"त्यांना अजून सांगितलेलं नाही," बगळा म्हणाला. "वय झालं त्यांचं. तुम्ही येऊन उभे राहिलात की त्यांना आपोआप कळेल. फक्त आत्ता कुठे बोलू नका. तुमच्या पोरांपाशीही नाही."

बगळा उद्या उत्तर न्यायला येतो म्हणून निघून गेला. साळिंदराला त्या दिवशी घास गोड लागला नाही. ते आपल्या जुन्या सोबत्याकडे, कासवाकडे गेले. कासवाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जा की. वाट बघणं म्हणजे काय, ते त्यांनाही कळू दे."

खरे सांगायचे तर साळिंदराच्या मनातही तेच होते. मैदानाची ओढ होती आणि तिच्याखाली जुना सल होता. आपण समोर जाऊन उभे राहिलो की गुरुजींचा चेहरा कसा होईल, हे मनात आणून त्याला क्षणभर बरे वाटले. पण मग तोच चेहरा पाण्यातून वर येताना आठवला, तोंडात कंद धरलेला, आणि ते बरे वाटणे काही टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पोरांना समोर बसवले आणि बोलावण्याची गोष्ट सांगून टाकली. भेकराने विचारले की तुम्ही जाणार का. साळिंदर म्हणाले, "जावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण जायचं ठरलं तर यंदाचा सामना खेळून, तुम्हाला सांगून जाईन." मग ते उताराच्या उथळ पाण्यातून वाट काढत पलीकडे गेले.

मैदानाच्या कडेला पाणमांजर गुरुजी एका सांबराच्या पोराला पाऊल कसे टाकावे ते समजावत होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. काट्यांचा खुळखुळाट ऐकून त्यांनी मान वर केली आणि ओळखले. साळिंदराने काहीही न लपवता बगळ्याचा निरोप त्यांच्या कानावर घातला. गुरुजी ऐकत राहिले. सांबराला त्यांनी हाताने खुणावून जायला सांगितले.

"माझ्याकडेही असाच एक बगळा आला होता," ते म्हणाले. "बोलू नका म्हणाला आणि मी बोललो नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुम्ही किती वेळ थांबलात?"

"दुपारपर्यंत. कासव संध्याकाळपर्यंत."

गुरुजी नदीकडे बघत राहिले. तुमची तोंडे पाहिली असती तर पाय निघाला नसता, म्हणून न बघताच निघालो, असे ते म्हणाले. त्यानंतर रोज सकाळी अलीकडच्या काठावरून पोरांचा गलका ऐकू येई, पण परत यायला तोंड राहिले नव्हते. शेवटी त्यांनी साळिंदराच्या पाठीकडे, जिथे हात ठेवता येत नव्हता तिथे पाहिले आणि म्हणाले, "तू ये इथे. मैदान चांगलं आहे. तुझ्या हातात शोभेल."

"आलो असतो, गुरुजी," साळिंदर म्हणाले. "पण तुमच्या पाठीमागून नाही."

बगळ्याला नकार मिळाला. गव्याचे काही अडले नाही. त्याने दूरच्या पठारावरून एक तरस आणले आणि पाणमांजर गुरुजींना निरोपाचा शब्दही न देता मोकळे केले. करंजाचे रान त्या वर्षीचा सामना खेळले, चांगले खेळले आणि तरीही हरले. ते हिरवे मैदान साळिंदराला पुन्हा कोणी देऊ केले नाही. कधी कधी नदीवर गेले की त्याची नजर तिकडे जाई आणि आत काहीतरी तुटे.

गुरुजींना मात्र साळिंदर स्वतः जाऊन घेऊन आले. नव्या पोरांना जुने काही ठाऊक नव्हते. त्यांना गुरुजी लगेच आवडले. माळाच्या कडेला येऊन बसणाऱ्या कासवाचे तसे नव्हते. गुरुजी जवळ आले की ते मान आत ओढून घेई. गुरुजींनी कधी आग्रह केला नाही. त्यांनी एक नेम तेवढा धरला. शिकवणे संपले की ते प्रत्येक पोरापाशी जात आणि सांगत, "मी निघतो आता. उद्या सकाळी येईन." सगळ्यांत शेवटी ते कासवापाशी जात, गुडघे दुखत असले तरी खाली वाकत आणि त्या मिटलेल्या पाठीलाही तेच सांगत. उत्तर येत नसे.

असे किती दिवस गेले, ते कोणी मोजले नाही. थंडी पडली होती. नदीवरचे धुके अजून उठले नव्हते. गुरुजींनी नेहमीसारखे सांगितले आणि ते नदीकाठच्या वाटेकडे वळले. तेव्हा कासवाने हळूच मान बाहेर काढली.

"जपून जा, गुरुजी," ते म्हणाले. "दगड ओले आहेत."

तात्पर्य : पुढे जाणाऱ्याला कोणी अडवू नये, पण जे आपली वाट पाहतात, त्यांना तोंडावर सांगून मगच पाऊल उचलावे.