जेवण पोचवणारी वायर

फार जुनी गोष्ट नाही, पण काँप्युटरच्या राज्यात परवाचंही जुनंच म्हणायचं. एका टेबलावर एक थोराड काँप्युटर होता. घरधन्याने कपाटातला गेम खेळायचा कंट्रोलर काढला, हाताशी आलेल्या काळ्या वायरने काँप्युटरला जोडला आणि म्हणाला, "चालला तर ठीक, नाहीतर आजच भंगारात."

कंट्रोलरचा दिवा लागला. तो जीव तोडून ओरडू लागला, "माणसाला उजवीकडे पळव!" पडद्यावरचा माणूस खांबासारखा उभा.

"मुका पाठवलाय माझ्याकडे," काँप्युटर माऊसपाशी कुरकुरला.

"बहिरा ठोंब्या आहे तो!" कंट्रोलरही माऊसलाच म्हणाला.

माऊस वैतागला. "माझं डोकं का खाताय? मधल्या बाईला विचारलंत का?"

वायर फणकारली. "आत्ता आठवण झाली होय! अरे, मी मोबाइल चार्ज करणारी. जेवण पोचवते, म्हणून त्याचा दिवा लागलाय. निरोप न्यायची तार माझ्या पोटात घातलेलीच नाही."

एवढं बोलून तिने अंग सैल सोडलं आणि टपकन निसटली. घरधन्याने चरफडत दुसरी, जाड वायर लावली.

तिच्यातून पहिला निरोप गेला तो असा: "बहिऱ्या ठोंब्या!"

"ऐकू आलं!" काँप्युटर ओरडला. "अरे, ऐकू आलं! पुन्हा बोल!"

पडद्यावरचा माणूस उजवीकडे सुटला तो थेट भिंतीवर आदळला. शिवी खाऊन इतकं खूश झालेलं मी तरी दुसरं कोणी पाहिलं नाही.