जटेखालची खाज

"जट न काढता खाज जाईल असं एखादं औषध हाय का न्हाई, तेवढं सांगा आवा."

यमुनाक्कानं विचारलं आणि मागं वळून बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना?

ऐकायला होतं कोण! भर दुपार. झऱ्याकाठचा तो एवढासा मठ, खालच्या पायरीवर यमुनाक्का आणि वर ओसरीत नाचणी पाखडत बसलेली म्हातारी काशीआवा. मठाची गुरू तीच. आसपासच्या वाड्यांतल्या बायाबापड्या तिच्यापाशी येऊन मन मोकळं करायच्या. यमुनाक्कानंही तिला गुरू मानलं होतं.

आवाचं सूप थांबलं नाही.

"खाजतंय कुणाला, आई?"

आवासुद्धा तिला आईच म्हणायची. सगळा गावच म्हणायचा.

कारण यमुनाक्काच्या डोक्यात जट होती. मनगटाएवढी जाड, मानेवरून कमरेपर्यंत लोंबणारी. त्या मुलखात केसांत जट धरली की देवी आली म्हणायचे. मग तिला फणी लावायची नाही, कातर तर दाखवायचीसुद्धा नाही. हळदकुंकू लावायचं, अन् हात जोडायचे.

"मला खाजतंय," यमुनाक्का हळूच म्हणाली.

"अगं बाई. आन् देवीला?"

"थट्टा करू नका आवा. जीव जायची पाळी आलीया."

खोटं नव्हतं ते. जटेखाली खवडे झाले होते. टाळूपासून कानामागपर्यंत खपल्याच खपल्या, खाली ओल, ओलीला वास. वास दाबायला ती ऊद जाळायची, तर लोकांना वाटायचं काय भक्ती आहे! कमरेला दाभण खोचलेलं असायचं. कुणी नाही बघून ते जटेखाली घालायची आणि रक्त येईस्तोवर खाजवायची. घडीभर बरं वाटायचं. मग दुप्पट आग.

मंगळवारी दर्शनाला रांग लागायची. बाया पायांवर डोकं ठेवायच्या, आणि हिचा जीव आतून ओरडायचा... बायांनो, पाय सोडा गं, डोकं खाजवा माझं!

पण तोंडातून शब्द निघायचा नाही. देवीला कुठं खाज सुटते?

"मग काढून टाक की जट," आवा म्हणाली. जसं काही पायातला काटाच काढायचा आहे.

यमुनाक्काचा चेहरा उतरला. मग ताठ झाला.

"काढू कशी? ही जट हाय म्हणून मी हाय. जट नव्हती तवा कोण होते मी? पोर झालं न्हाई म्हणून थोरल्या जाऊबाईनं तिच्या लेकीच्या डोहाळजेवणाला मला दारातनं माघारी लावलं. ओटी भरायला म्हणून खण घेऊन गेले होते मी. सकाळी सकाळी तोंड दाखवू नगंस म्हणायच्या बाया. आन् आज? तीच जाऊबाई पयला नारळ माझ्यापुढं फोडती. आई म्हणती मला... आई!"

सूप थांबलं.

"जट आली कवा?"

"माझी आई गेली तवा. केसांना तेल न्हाई, फणी न्हाई. माहेरी गेले की तीच घालायची, आता घालणार कोण? मग ताप आला. तापातनं उठले तर केसांचा गोळा झालेला. शेजारणीनं बघितलं आन् हातच जोडले."

आवानं सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले. यमुनाक्कानं मठात वाहायला आणलेली टोपली तिथंच होती. लोकांनी तिला वाहिलेलंच ती दर खेपेला थोडं इथं आणायची. त्यात कडुलिंबाचे डहाळे आणि हळदीची पुडी.

"ही हळद कुठं लावतीस?"

"जटंला."

"आन् खवडं कुठं हायत?"

"...खाली."

यमुनाक्कानं मान खाली घातली.

"आवा, येवढी वरसं मी येते. खवडं हायत हे ठावं व्हतं, तर तुमी कधी बोलला न्हाईत ते?"

"तू देवी होऊन यायचीस. मी देवीला नमस्कार करायचे. खाजतंय म्हणून आज पयल्यांदा आलीस की गं, यमे."

यमे!

यमुनाक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. यमे म्हणणारी एकच होती. ती गेली, तेव्हापासून हे नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. नवऱ्याच्या नाही, सासरच्या कुणाच्या नाही.

आणि मग काय... जुनं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

माहेरचं परसू. न्हायचा दिवस. चुलाण्यावर हंडा खदखदतोय, रिठ्याचा फेस पोरींच्या नाकापर्यंत आलाय. न्हाणं झालं की चौघी बहिणी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर उतरत्या रांगेनं बसायच्या. सगळ्यात खाली धाकटी, सगळ्यात वर आई. जी ती आपल्या पुढचीची वेणी घालायची. धाकटी बोंबलायची, ओढू नगंस गं! सगळ्यांच्या डोक्याला करंज्याच्या तेलाचा तो उग्र वास. शेजारची पोरं नाकं दाबून पळायची. पण चौघींत एकीच्या डोक्यात उवा-लिखा, कोंडा, खवडा सापडेल तर शपथ.

आईच्या मागं मात्र कुणी नसायचं. मग यमुना आपली अर्धी वेणी तशीच धरून उठायची आणि वरच्या उंबऱ्यावर आईच्या पाठीमागं जाऊन बसायची. आईचे केस पातळ झालेले, हातात मावतील एवढेच. "यमे, तुझी वेणी ऱ्हायली की," आई म्हणायची. पण उठून जा म्हणायची नाही. डोळे मिटून बसायची...

"आवा," यमुनाक्काचा आवाज फुटला. "मला जट नको व्हती. मला आई पायजे व्हती."

आवा उठली. कडुलिंबाचे डहाळे ओरबाडून पाला हंड्यात टाकला, चुलाण्यात दोन लाकडं सारली. हळदीची पुडी वाटीत रिकामी केली, वर करंजेल ओतलं. मग आतून कातर घेऊन आली. धनगर मेंढरं भादरतात तसली, मोठी.

यमुनाक्का पायरीवरून उठूनच उभी राहिली.

"न्हाई! आवा, कोप हुईल!"

"कुणाचा?"

"देवीचा!"

"हुईल तर हुईल. कातर कुणाच्या हातात हाय?"

"...तुमच्या."

"मग इचारायचं ते मला इचारंल ती. बस खाली."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांस्नी खाजतंय व्हय?"

यमुनाक्काला रडता रडता हसू आलं. हसली आणि पुन्हा रडायला लागली. पाय मठाच्या फाटकाकडं ओढत होते. फाटकाबाहेर तिचं गाव होतं, नारळ होते, रांग होती, जाऊबाईचे जोडलेले हात होते. आणि इथं नुसती एक दगडी पायरी.

टाळूवर पुन्हा आग उठली. तिचा हात आपसूक कमरेच्या दाभणाकडं गेला.

आवा तेवढं बघत राहिली. बोलावलं नाही, अडवलं नाही.

झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

यमुनाक्कानं दाभण काढलं आणि ओसरीवर ठेवलं. मग खालच्या पायरीवर येऊन बसली, आवाकडं पाठ करून.

आवा वरच्या पायरीवर टेकली. म्हातारीचे हाडकुळे गुडघे यमुनाक्काच्या दोन्ही खांद्यांना लागले.

जट चिवट होती. कातर करकर वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. आवा मधेच दम खायची. "बया, काय बनलीया! दोरखंड हुईल ह्याचं, रेडा बांधायला."

शेवटची कातर बसली आणि मान एकदम हलकी झाली. इतकी, की यमुनाक्का पुढं झुकलीच. उघड्या टाळूला वारा लागला. केवढ्या वर्षांनी! ती तो वारा घेत राहिली.

तिला ठाऊक होतं, आता आवाला सगळं दिसतंय. खपल्या, पू, दाभणाचे ओरखडे. वास तर आलाच असेल. आता ही तोंड फिरवणार...

आवानं तोंड फिरवलं नाही. अगं-बाई म्हटलं नाही, चुकचुकली नाही. बोटं हळदीच्या तेलात बुडवली आणि एकेक खपली भिजवत गेली. दुखलं तिथं थांबली. खाजलं तिथं नुसतं दाबून धरलं. यमुनाक्काचे डोळे झरत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"ही जट?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"देवीची हाय ना? तिला नेऊन देऊ. डोकं तुझं, ते तू ठेव."

हंड्यातलं पाणी हिरवंगार झालं होतं. आवानं ते घंगाळात ओतलं, गार पाणी घालून कोमट केलं, कोपर बुडवून बघितलं आणि घंगाळ पायरीपाशी आणून ठेवलं.

यमुनाक्काला मंगळवारची रांग आठवली. ह्या मंगळवारी येतील, आणि बघतील... भादरलेलं डोकं, खवड्यांनी भरलेलं. नारळ तसेच माघारी नेतील. जाऊबाई पहिली नेईल.

"आवा," ती म्हणाली. आवाज लहान पोरीसारखा आला. "आता मला आई कोण म्हणंल?"

आवानं तांब्या भरला. दुसरा हात तिच्या कपाळाला आडवा लावला.

"डोळं मीट, लेकी. पाणी ओतते."