न झालेला गोल

"जन्मात एक गोल न केलेल्या माणसाला तीन संस्थानांची बोलावणी? त्या राजांची अक्कल चरायला गेली आहे काय?" कांचनगडचे महाराज कडाडले.

दाजीबा लोखंडे हॉकीची स्टिक सावरत मान खाली घालून उभा होता. महाराजांच्या संघात तो गोलापुढे बचाव करी. गोल महाराज करत, हार महाराजांच्या गळ्यात पडत. दाजीबाच्या वाट्याला नडगीवरचे वळ येत. आता त्याचा करार संपला होता. कुठेही जायला तो मोकळा होता. मात्र महाराजांच्या निरोपपत्राशिवाय दुसरे संस्थान त्याला मैदानात उतरवू शकत नव्हते.

"इतकी वर्षे तू केलेस तरी काय?"

"गोल अडवले, सरकार."

"अडवले म्हणे! माझे गोल साऱ्या मुलखाने पाहिले. तुझे कुठे आहेत?"

खासगी कारभारी गोविंदपंत तत्परतेने हसले. महाराजांच्या विनोदावर वेळेत हसणे, या एकाच गुणावर ते पदावर टिकून होते. महाराजांना आणखी चेव आला.

"उद्याच्या सरावात एक न झालेला गोल मला दाखव! दाखवलास तर खुशाल जा. नाहीतर जन्मभर माझ्याच मागे उभा राहा!"

दाजीबाने क्षणभर विचार केला. "दाखवतो, सरकार. फक्त उद्या मला आपल्याविरुद्ध खेळू द्यावे."

"खेळ की! तेवढीच करमणूक!"

कांचनगडात एक रीत होती. ती कोणी सांगितलेली नव्हती आणि कोणी मोडलेलीही नव्हती. महाराज चेंडू घेऊन आले की समोरच्याचा पाय घसरे आणि गोलरक्षकाच्या डोळ्यांत नेमकी धूळ जाई. पाहुणे संघही ती पाळत. शाही मेजवानी जेवून यजमानाचा चेंडू अडवायचा कसा? महाराज मात्र याला स्वतःचे कसब समजत.

दुसऱ्या दिवशी महाराज चेंडू घेऊन ऐटीत निघाले. एक जण घसरला. दुसऱ्याला भर मैदानात बुटाची नाडी आठवली. पुढे दाजीबा होता. तो घसरला नाही. त्याने स्टिक टेकवली, चेंडू अलगद काढून घेतला आणि महाराज चेंडूवाचूनच गोलात जाऊन पोचले!

हसावे की नाही, हे गोविंदपंतांना कळेना.

"गाढवा! तो माझा गोल होता!"

"मग झाला का, सरकार?"

"कुठे झाला? तूच अडवलास!"

"हाच तो न झालेला गोल. आपण मागितला, आपल्यालाच दाखवला."

महाराजांनी खालच्या आवाजात विचारले, "आणि आजवर झाले ते?"

"ते पाहुण्यांनी मेजवानीबद्दल मानलेले आभार, सरकार."

महाराज जाळ्यापाशीच बसले आणि पोट धरून हसू लागले. "इथेच राहा, दाजीबा! तुला कर्णधार करतो!"

"आपण शब्द दिला आहे, सरकार."

"दिला खरा! पण जाणार कुठे? रायपेठेला? बलाढ्य संघ आहे."

"तिथले राजे आघाडीला खेळतात."

"मग भानगिरी?"

"तिथे युवराज खेळतात."

"म्हणजे ती फाटकी कुंभारखिंड? तिथे आहे काय?"

"तिथले राजे फक्त बघतात, सरकार!"

महाराजांचे हसू पुन्हा उसळले. त्यांनी आपली चांदीच्या मुठीची स्टिक दाजीबाच्या हाती दिली आणि गोलाच्या खांबावर कागद टेकून निरोपपत्रावर तिथल्या तिथे सही ठोकली.