आत्याची कुंची

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्या पोटात घाला. शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे माझ्यापाशी आहेत ते शब्द साधेच. त्यांत मावेल तेवढी गोष्ट सांगतो.

एका राज्यात रीत होती, की बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. पण राजाची थोरली बहीण जोगाई मंत्रतंत्र शिकून डोंगरावर राहायला गेली होती आणि राजाला तिची लाज वाटे. लेकीच्या बारशाला त्याने तिला बोलावलंच नाही. नाव ठेवलं दरबारच्या कवीने, सुवेला.

जोगाईने डोंगरावरून शाप धाडला. "कवीच हवा ना? मग पोर सोळा वर्षांची झाली, की कवी म्हणेल तशी ती होईल. आणि एकदा पुरती विरली, की परत यायची नाही."

सोळावं सरलं. कवी सवयीने म्हणाला, "मुख चंद्रासारखं." त्या दिवसापासून सुवेलेचा चेहरा कलेकलेने घटू लागला. सावरायला म्हणून तो म्हणाला, "डोळे म्हणजे कमळं!" ते सूर्य मावळताच मिटू लागले. मग घाईघाईने म्हणाला, "कंबर इतकी नाजूक, की नाहीच म्हणा." कंबर दिसेनाशी झाली. राजाने धावत जाऊन कवीच्या तोंडावर हात ठेवला, पण व्हायचं ते झालं होतं. अमावस्येला चार दिवस उरले होते.

राजवाड्याची कौलं चाळायला भैरू नावाचा लाजरा तरुण येई. सुवेला सज्ज्यातून त्याच्या हाती कौलं देई आणि विचारी, "भैरू, वरून काय दिसतं?"

"तळ्यावर दोन म्हशी. एक पाण्यात, एक बाहेर."

ती खूश होई. बाकी सगळे तिला सजवूनच सांगत. त्या दिवशी मात्र उरलेल्या चेहऱ्याने तिने विचारलं, "भैरू, मी जाईन का रे?"

भैरू शिडी खांद्यावर टाकून थेट डोंगराकडे निघाला.

जोगाईच्या झोपडीच्या दारात साळुंकी बसली होती. "काय रे शिडीवाल्या, काय हवं?"

"आत्याबाईंनी शाप मागे घ्यावा."

"मग तीन गोष्टी पाहायच्या आणि सांगायच्या. 'सारखं' म्हणालास, तर ती उपमा. एक वस्तू म्हणजे दुसरीच म्हणालास, तर ते रूपक. फुगवून सांगितलंस, तर अतिशयोक्ती. यातलं काही तोंडून निघालं, की तुझं कौल होईल."

"ही नावं मला ठाऊक नव्हती."

"आता झाली. पहिली गोष्ट मी."

"चोच पिवळी. उजव्या पायाचं एक नख तुटलंय."

"नखाचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं," साळुंकी म्हणाली. "दुसरी, हे छप्पर."

"आढ्याजवळ तीन कौलं सरकलीत. खाली गळतीला भांडं लावलंय."

तेवढ्यात जोगाईच बाहेर आली. "आता मला सांग. कशी आहे मी?"

"आत्याबाई, तुमच्या हातात तान्ह्या बाळाची कुंची आहे. हिरव्या खणाची. तिचे बंद कधीच कुणी बांधलेले नाहीत." त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही आत्ताच रडलात."

जोगाई उंबऱ्यावर बसली. "बारशाला न्यायला शिवली होती रे."

साळुंकी हळूच म्हणाली, "आहे तसं सांगणं, त्यालाही नाव आहे. स्वभावोक्ती. तोही अलंकारच, पण फार थोड्यांना जमतो."

अमावस्येच्या दुपारी दोघे राजवाड्यात आले. राजा पुढे झाला. "अक्का, चुकलो."

"आधी पोर," जोगाई म्हणाली.

सज्ज्यात चेहऱ्याची एक बारीक कोर उरली होती. भैरूने आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर मान वर केली.

"डाव्या भुवईत व्रण आहे, कौल देताना लागलेला. पुढचा एक दात जरा आडवा आहे. हसताना त्या तोंडावर हात धरतात. डोळे तपकिरी. कंबर आहे. रागावल्या, की तिच्यावर हात ठेवून उभ्या राहतात."

तो सांगत गेला, तसतसं ते येत गेलं. भुवई, दात, डोळे, आणि कमरेवर ठेवलेला हात. जोगाईने कुंची सुवेलेच्या डोक्यावर धरली. कुंची लहान पडली, बसली नाही. मग आत्याने कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. तेच, सुवेला. शाप तिथेच सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू शिडी घेऊन डोंगरावर गेला आणि जोगाईच्या छपराची ती तीन कौलं बसवू लागला. खालून कौलं द्यायला सुवेला उभी होती.

"भैरू, वरून काय दिसतं?"

"तुम्ही," तो म्हणाला, आणि पुढच्या कौलासाठी हात खाली केला.