भंडारफुलांच्या बागेत मेंढरं

तांबजाईच्या टेकडीवर श्रावणात आलेले पाहुणे हमखास हळहळतात. देवळाच्या दक्षिणेला, दिवसभर उन्हात तापणाऱ्या मुरमाड उतारावर, पिवळ्याधमक भंडारफुलांची बाग आहे. शहरातले रोपवाटिकावाले याच फुलाला कोरिऑप्सिस म्हणतात. नारळी पौर्णिमेला बाग अजून फुलांवर असताना गावकरी मेंढरांच्या कपाळाला भंडारा लावतात आणि फाटक उघडून अख्खा कळप आत सोडतात. कुणी पाहुणा कुरकुरला की म्हातारे सदूनाना गुरव त्याला पारावर बसवतात, 'नवरात्रात या, मग भांडू,' म्हणतात आणि अनसा गुरविणीची हकिगत सांगायला घेतात.

फार जुनी गोष्ट. अनसाची एकुलती लेक पारू देवीच्या साथीत सापडली. फोड पार पापण्यांपर्यंत आले. अनसाने तांबजाईपुढे पदर पसरला. पोरीची नजर राहू दे, येत्या नवरात्रात रोज ताज्या पिवळ्या फुलांनी तुला मढवीन, असा नवस ती बोलली. पोरीच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, पण डोळे शाबूत राहिले. आता त्या उजाड माळावर फुलं आणायची कुठून? तलावाच्या कामावर आलेल्या कुणा परदेशी साहेबाच्या बागेतून तिने भंडारफुलाचे गड्डे मागून आणले, असे सांगतात.

बागेला तिने पोटच्या पोरीसारखं जपलं, खरं तर जरा जास्तच. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ घागरी ओतल्या. फूल कुणाला खुडू दिलं नाही. पारूने वेणीत माळायला एक मागितलं, तर देवीचं आहे म्हणून तिलाही दरडावलं. भंडारफूल म्हणजे हलक्या मातीत, उन्हात सुखी राहणारं झाड. एवढे लाड त्याला सोसले नाहीत. रोपं माजली, देठ लुळे पडले. न खुडलेली फुलं झाडावरच वाळून बी धरू लागली आणि नवी कळी येईनाशी झाली. अनसा मात्र घाबरून आणखी पाणी घालत राहिली.

अशातच नारळी पौर्णिमेला वाऱ्याने काट्यांचं कुंपण उलथलं आणि मायाप्पा धनगराचा कळप आत शिरला. अनसा घागर घेऊन आली तेव्हा बागेत नुसते खुंट उरले होते. मायाप्पाने पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं.

"आक्का, चूक झाली. भरपाई म्हनून कोकरू घ्या."

"कोकरू घिऊन काय करू, दादा? देवी आता माझ्या पारूचं डोळं परत मागंल."

त्या दिवसापासून तिने बागेकडे पाठ फिरवली. पाणी नाही, खत नाही. रोज उठल्या उठल्या ती पारूला जवळ ओढायची, तिच्यासमोर बोटं धरायची आणि किती ते विचारायची. पोरगी बरोबर सांगायची, तेवढ्यापुरता अनसाचा जीव थाऱ्यावर यायचा. नवरात्र जवळ आलं तसं तिला अन्न गोड लागेना. न्यायचेच असतील तर माझे डोळे ने, असंही तिने म्हणे देवीला सांगून टाकलं.

भादवा सरता सरता पारूने टेकडीवरून हाक मारली, "आये, कळ्या आल्यात."

अनसाला वाटलं, पोरीची नजर फिरली, नाही ते दिसायला लागलं. ती धावत वर गेली आणि वाकली. खुंटाखुंटातून ताठ फुटवे आले होते आणि शेंड्यांवर हिरव्या कळ्या होत्या. तिच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं की तिलाच काही दिसेना. मग पारूनेच तिचं बोट धरून एकेका कळीला लावलं. किती दिवसांचा घोर उतरला आणि ती तिथेच मुरमात बसून रडली.

घटस्थापनेला बाग पिवळी झाली. पहिलं फूल अनसाने देवीची माफी मागून पारूच्या वेणीत माळलं, आणि देवी काही रागावली नाही. मग ती रोज बाग खुडत गेली, तशी बाग जास्तच फुलत गेली. दसऱ्याला तिने मायाप्पाला बोलावून नवं पागोटं दिलं.

आजही पौर्णिमेला मेंढरं बागेत सोडतात, धनगराला पागोटं बांधतात, आणि नंतर नवरात्रापर्यंत कुणी बागेला घागर दाखवत नाही. भादव्याच्या शेवटी गावातल्या मुली कळ्या शोधायला वर जातात. वरून हाक येईपर्यंत खालच्या बायांचं कामात लक्ष नसतं. जिला पहिली कळी दिसते, तिच्या वेणीत पहिलं फूल जातं, देवीच्याही आधी.