न्हावी, ऐरावत आणि आठ चिठ्ठ्या

"असे पत्ते करून आण, की त्यात एकही पान हलकं नसेल, एकही भारी नसेल आणि कुठलीही दोन पानं सारखी नसतील!" नेतरवाडीचे राजे नागोजीराव गरजले. "पंधरा दिवसांत! नाहीतर तुझ्या रंगशाळेला कुलूप. तुझ्या घराण्यानं पुन्हा कुंचला हाती धरायचा नाही!"

समोर गुणाजी चितारी हात जोडून उभा होता. तीन पिढ्या त्याच्या घरात लाखेचे गोल पत्ते रंगवले जात होते.

महाराजांचं दुखणं वेगळंच होतं. दरबारात रोज निवडीचा डाव बसायचा. आठ जण गोल बसत, प्रत्येकाला आठ पानं मिळत. त्यातलं एक आपल्यासाठी ठेवायचं आणि उरलेली डावीकडच्याला द्यायची. अशी सगळी पानं संपली, की ज्यानं त्यानं आपण निवडलेल्या पानांनिशी लढायचं. त्यात ऐरावताचं पान सगळ्यांत भारी. ते ज्याच्या हाती, त्याची जीत ठरलेली. आणि ते हाती आलं की दरबारी मंडळी काय करत? न पाहिल्यासारखं करून पुढे सरकवत, थेट महाराजांपर्यंत! बारा वर्षं महाराज रोज जिंकत होते आणि पार कंटाळून गेले होते. पण जिंकण्याचा कंटाळा आलाय हे कोणता राजा कबूल करील? त्यांनी खापर पत्त्यांवर फोडलं. दिवाण त्र्यंबकपंतांनी आगीत तेल ओतलं, कारण रंगशाळेच्या जागेवर त्यांना पालखीखाना बांधायचा होता.

गुणाजी घरी येऊन मटकन बसला. "संपलां सगळां! पत्त्यांत हलकां पान नको म्हणे! अरे, हातात करंगळी असतलीच मां?"

त्याची लेक सगुणा रंग खलत होती. ती हसली. "बाबा, करंगळी हलकी असती तर कान कोरूक तुमी अंगठो घातलो असतो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा लाख न लावलेले कच्चे पत्ते पदरात बांधून थेट बंदरावर गेली. मासळी विकून मोकळ्या झालेल्या आठ बायकांना तिनं डावाला बसवलं. टोपलीभर बांगड्यांतून नेमका ताजा उचलणाऱ्या बायका त्या! त्यांना निवड शिकवायची गरजच नव्हती.

"ह्यो हत्ती माझो!" एकीनं झडप घातली. दुसरी तिच्या हातातून पान ओढू लागली. न्हाव्याचं पान मात्र फिरत फिरत शेवटी उरलं. सगुणानं मनात नोंद केली. जे पान सगळ्याच आधी उचलतात ते भारी, जे शेवटी उरतं ते हलकं!

मग तिनं नियम बदलला. ऐरावत चालेल, पण सोबत माहुताचं पान असेल तरच. आणि न्हावी राजाला जिंकेल, कारण त्याच्यापुढे राजासुद्धा मान खाली घालतो! दुसऱ्या दिवशी काय झालं? सगळ्या बायका न्हाव्यावर तुटून पडल्या! सगुणानं कपाळाला हात लावला. मग न्हाव्यानं एका डावात एकदाच वस्तरा चालवायचा, असं ठरलं. तेरा दिवस ती एकेक पान वर-खाली करत राहिली. चौदाव्या दिवशी कुणी काय उचलावं यावरून आठ बायकांची आठ मतं पडली, तेव्हा कुठे तिनं पत्त्यांवर लाखेचा हात फिरवला.

पंधराव्या दिवशी दरबार भरला. सगुणानं नियम समजावून सांगितले आणि महाराज, दिवाण, वैद्यबुवा व आणखी पाच दरबारी डावाला बसले. पण दरबारी मंडळींची पंचाईत झाली. महाराजांकडे सरकवायचं तरी कुठलं पान? काही कळेना! नाइलाजानं जो तो आपल्या अकलेनं खेळू लागला. महाराजांनी सवयीनं ऐरावत उचलला, पण माहूत वैद्यबुवांनी दाबून ठेवला होता.

महाराज हरले! वैद्यबुवा जिंकले आणि लटलट कापू लागले.

"महाराज," दिवाण पुढे सरसावले, "यात हलकी पानं आहेतच. मी आत्ता नाव सांगतो—"

"थांबा दिवाणजी!" सगुणा म्हणाली. "तुम्ही बोललात की बाकीचे नुसती मान डोलावतील. आठही जणांनी आपापल्या मते सगळ्यांत हलकं पान कोणतं ते चिठ्ठीवर लिहावं. दोघांचं जरी जुळलं, तरी रंगशाळेला कुलूप घाला!"

गुणाजीनं डोळे गच्च मिटून घेतले. कारकुनानं चिठ्ठ्या वाचल्या. आठ चिठ्ठ्यांत आठ वेगळी नावं!

"म्हणजे एक नाही, आठ पानं हलकी!" दिवाण ओरडले.

"तुम्ही कोणतं लिहिलंत, दिवाणजी?" सगुणानं विचारलं.

"न्हावी! अगदीच फालतू!"

"वैद्यबुवा, आज तुम्ही सगळ्यांत आधी कोणतं पान उचललंत?"

"न... न्हावी," वैद्यबुवा पुटपुटले. दरबारात खसखस पिकली.

पण महाराज हसले नाहीत. "पोरी, माझ्या चिठ्ठीत ऐरावत आहे. बारा वर्षं ज्याच्या जोरावर जिंकलो, त्यानंच आज मला हरवलं. आता सांग, ते पान हलकं की नाही?"

हो म्हणावं तर रंगशाळा गेली. नाही म्हणावं तर महाराज खोटे ठरले!

सगुणानं सरळ महाराजांकडे पाहिलं. "महाराज, ऐरावत हलका नाही आणि तुमचा हातही हलका नाही. बारा वर्षं तुम्ही एकटेच खेळत होतात. आज पहिल्यांदा तुमच्यासमोर कुणीतरी खेळायला बसलं!"

मग महाराज असे खदखदून हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरला.

"शाब्बास! बारा वर्षांत आज पहिल्यांदा डाव रंगला! रंगशाळा वंशपरंपरा तुमची, वर तिच्यामागची नारळाची बागही तुझ्या नावानं. आणि वैद्यबुवा, कापताय काय? बसा! दिवाणजी, पानं वाटा!"

त्या दिवशी महाराज आणखी तीन डाव हरले आणि जेवायला उठायला तयारच होईनात.