निघतानाचा शब्द

“मग त्याच्या आईला मी काय सांगू, अक्का?”

विहिरीच्या काठावर बसून अक्का भिजवलेले वाल सोलत होत्या.

सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. मठाचं छप्पर, फणसाचं झाड, खाली रस्त्यावर थांबलेली गाडी, सगळं अर्धंमुर्धं दिसत होतं. जे दिसत होतं तेही खरं आहे की नाही, अशी शंका यावी.

प्रश्न विचारणारे विद्याधर केळुसकर म्हणजे विमान अपघातांच्या चौकशीतलं मोठं नाव. तरुणपणी ते या मठात अक्कांच्या पायाशी बसून गेले होते. पुढे राख चाळून कारणं शोधायचं काम पत्करलं आणि त्यात असे नावारूपाला आले, की ‘कारण समजले नाही’ हे वाक्य आपल्या एकाही अहवालात नाही, असं ते जेवणाच्या पंगतीतसुद्धा सांगत. अक्कांनीही ते ऐकलं होतं, आणि ऐकून आणखी थोडा भात वाढला होता.

या वेळचं विमान धावपट्टी सोडल्यावर लगेच कोसळलं होतं. एक इंजिन बंद पडलं, हे नक्की. पण दुसऱ्या इंजिनावरही ते वर चढायला हवं होतं, आणि चढलं नाही. का, ते सांगणारी आकड्यांची पेटी जळून कोळसा झाली होती. वैमानिकांचं बोलणं टिपणारी आवाजाची पेटी तेवढी वाचली. तिच्यात अगदी शेवटी कॅप्टन दिगंबर रेडकरांचा एकच शब्द होता.

‘येतो.’

चौकशीतली बाकीची माणसं परप्रांतातली. त्यांनी शब्दकोश उघडला, ‘मी येत आहे’ असा अर्थ लावला आणि डोकं खाजवत बसली. तेव्हा केळुसकर जरासे हसले. आमच्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हणजे हा निरोप होता. आणि ज्या अर्थी निरोप घेतला, त्या अर्थी माणसानं विमान सावरणं सोडून दिलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अहवालात तसं उतरलं. सही तेवढी उरली होती, ती आज दुपारी व्हायची होती.

आणि काल रेडकरांची आई कचेरीत येऊन बसली. माझा दिगू शेवटी काय करत होता, एवढंच तिनं विचारलं. केळुसकरांनी तिला चहा पाजला, रिक्षात बसवून दिलं. तेव्हापासून तो शब्द त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. नळ सोडला की ऐकू येई, पंखा लावला की ऐकू येई. इथं येताना घाटातल्या धुक्यातही कुणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं होतं, येतो... त्यांनी गाडीची काच वर केली होती.

“त्यानं हात टेकले, अक्का,” केळुसकर म्हणाले. “मागे एवढी माणसं बसलेली, आणि यानं हात टेकले. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?”

“त्याचे हात दिसले तुला?”

“शब्द ऐकला ना.”

“हं...”

अक्कांनी पुढचा वाल उचलला. केळुसकर वाट पाहत होते. आत कुठंतरी त्यांना वाटत होतं, की अक्कांनी पाठीवरून हात फिरवावा आणि म्हणावं, कर सही, तुझं बरोबर आहे. ते एवढ्यासाठीच घाट चढून आले होते.

“एक कळशी पाणी काढून दे,” अक्का म्हणाल्या.

ते उठले. बाह्या सारून त्यांनी कळशी आत सोडली. विहिरीतही धुकंच भरलं होतं. दोर हातातून सरकत राहिला, संपेचना. मग खोल कुठंतरी कळशी पाण्याला लागली, आणि त्या आवाजातही त्यांना तोच शब्द ऐकू आला.

ते दचकले. पण कळशी भरली होती, ओढणं भाग होतं.

कळशी जड लागली. मघाशी रिकामी सोडलेली हीच का, असं वाटावं इतकी जड. त्यांनी पाय रोवले आणि दोर दोन्ही हातांनी छातीशी ओढला. आपण वर ओढतो आहोत की आपल्यालाच कुणी खाली ओढतंय, ते धुक्यात क्षणभर कळेना. कप्पी कुरकुरत होती. तळहात जळत होते.

खालून ड्रायव्हरचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. दुपारची सहीची वेळ गाठायची होती, अजून सगळा घाट उतरायचा होता.

“अक्का, उशीर झाला,” केळुसकर म्हणाले. “येतो.”

आणि त्यांनी दोराला पुढचा हात घातला. भरली कळशी अजून अर्ध्यातच होती.

वाल सोलणारी बोटं थांबली.

“निघालास?”

“हो...”

कप्पी कुरकुरली. दोर आणखी हातभर वर आला.

अक्का त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

“निरोप तर घेतलास, विद्याधर... मग दोर कोण ओढतंय?”